बाईच्या पायात जोर नसतो म्हणे

माझ्या शाळेच्या व्हॅनचा ब्रेक कडक होतो, हे मी एका आठवड्यात तीन मिस्त्र्यांना सांगितलं आणि तिघांनीही गाडीच्या आधी माझ्या पायाकडे पाहिलं. पहिला तर खाली वाकून माझी चप्पलच बघत राहिला. तोंडात खर्रा, एक गाल फुगलेला, बोलायच्या आधी रस्त्यावर एक पिचकारी. मग म्हणाला, ताई, ब्रेक एकदम चकाचक आहे, लेडीज लोकाइच्या पायात जोर कमी राहते. बारा वर्षं मी नागपुरात जरीपटक्याच्या बाजारातून पोट्ट्यांनी भरलेली गाडी काढते आहे. हा माणूस त्या गर्दीतून नुसती सायकल काढू शकला असता, तरी मी त्याला हात जोडले असते.

दुसरा जरा सभ्य होता, म्हणजे थुंकला नाही. त्याने विचारलं, साहेब कधी चालवतात का गाडी? साहेब म्हणजे आमचे हे. ते बर्डीवर कापडाच्या दुकानात बसतात आणि स्कूटर मागे घ्यायची म्हटली तरी त्यांना घाम फुटतो. पण गाडीचं दुखणं त्यांच्या तोंडून आलं असतं तर मिस्त्र्याला पटलं असतं. तिसऱ्याने तर मला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला आणि माझं एक अक्षर न ऐकता ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडल हलकं करणारा डबाच, बदलायला काढला. बूस्टर बदलला, ब्रेक तसाच. मग तोही पायावर आला. नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकून होते. नाचता येईना म्हणून मालकिणीचे पाय वाकडे, हे नवीनच.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते.

माझी व्हॅन जुनी, डिझेलची. तिचं इंजिन पुढे नाही, पुढच्या दोन सीटांच्या खाली आहे. उजव्या सीटवर मी. डाव्या सीटवर मावशी, म्हणजे मुलांना चढवायला-उतरवायला ठेवलेली बाई. शाळेच्या गाडीत अशी एक बाई लागतेच, नियम आहे. मावशी कुही गावची, साठी ओलांडलेली, नवरा गेलेला, माझ्या गल्लीत एका खोलीत राहायची. तिचा कारभार मोठा संथ. दार उघडायला वेळ, लावायला वेळ, प्रत्येक पोराची वॉटरबॅग त्याच्याच गळ्यात आहे ना, हे पाहायला वेळ. मागे हॉर्नांचा कल्ला चालू आहे आणि ही एखाद्या पोट्टीची रिबीन बांधून राहिली. मी रोज ओरडायची. तिला रोज ऐकू यायचं नाही, असं मला वाटायचं.

आणि त्यात दिवाळीनंतर तिने एक नवीनच टुमणं काढलं होतं. गाडी बाजारात रेंगाळली की म्हणायची, "बाई, माया सीटखाली कोनाले तरी दम लागल्यावानी आवाज येते." मी म्हटलं, डिझेलचं इंजिन आहे मावशी, ते काय अभंग म्हणणार आहे? आठवड्याने पुन्हा तेच. तेव्हा मी म्हटलं, तुमचे कान वाजून राहिले, वय झालं की होते तसं. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी रेडिओ मोठा केला. मागची पोट्टी हसली. मावशीही हसल्यासारखं करून खिडकीबाहेर पाहायला लागली.

मग तो बुधवार आला. शाळेच्या फाटकासमोर सकाळी गाड्यांची रांग असते, हातभर पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा हातभर. पहिला ब्रेक लागला, दुसरा लागला, तिसऱ्याला माझा पाय दगडावर पडल्यासारखा थांबला. पेडल खालीच जाईना. मी अक्षरशः सीटवरून उठून उभी राहिले त्या पेडलवर. गाडी थांबली, पण थांबता थांबता तीन-चार हात पुढे गेली. तेवढ्यात मावशीने सवयीप्रमाणे दार उघडून एक पाय खाली ठेवला होता. ती उजव्या हातावर पडली. पोरांना काही झालं नाही. मावशीच्या मनगटाचं हाड मोडलं.

पाच मिनिटांत आई-बापांचा घोळका. त्यात एक गृहस्थ आहेत, त्यांची दोन मुलं माझ्या गाडीत असायची. सोसायटीचं काहीतरी पद त्यांच्याकडे आहे आणि बाकीचे पालक त्यांच्याकडे बघून मान हलवतात. हातात गाडीची किल्ली फिरवत बोलायची सवय. त्यांनी विचारलं, चूक कोणाची? मी म्हटलं, "गाडी पुरती थांबली नव्हती, मावशीच घाई करून उतरली."

यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तो इतक्या पटकन तोंडातून निघाला. मावशी फाटकाच्या पायरीवर हात पोटाशी धरून बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिचा भाचा येऊन तिला प्लास्टरसकट गावी घेऊन गेला. रोज जिला मी संथ म्हणून बोल लावले, तिच्यावर मी घाईचा आळ घातला, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

किल्लीवाल्या गृहस्थांनी मला पुढच्या शनिवारपर्यंत वेळ दिला. मावशीचं तर कळलं, पण गाडी पुढे का गेली तेही कळलं पाहिजे, म्हणाले. गाडी बरोबर आहे हे त्यांना दाखवायचं, नाहीतर अकराच्या अकरा मुलं दुसऱ्या गाडीत. अकरा गेली की माझं कामच गेलं. मी दुसरं काही शिकलेली नाही.

तर ते तीन मिस्त्री. तिघांची ब्रेक तपासायची रीत अगदी एकच, जसं काही एकाच गुरूकडे शिकले. सकाळी थंड इंजिनावर गाडी घ्यायची, रिंगरोडला न्यायची, रिकाम्या रस्त्यावर दामटायची आणि एकदाच कचकन ब्रेक मारायचा. टायर वाजले की परत यायचं आणि छाती काढून उतरायचं. मी तिघांना सांगितलं, बावा, एकदा ब्रेक मारून ते दिसत नाही. इंजिन गरम पाहिजे, गाडी हळू पाहिजे, लागोपाठ चार-पाच ब्रेक पाहिजेत. सकाळी शाळेच्या टायमाला माझ्याबरोबर बाजारातून या. एकही आला नाही. धंद्याच्या टायमाला कसं येता येईन ताई, म्हणे. यांना रुग्ण झोपेत असतानाच तपासायचा असतो, म्हणजे तो तक्रार करत नाही.

मंगळवारी दुपारी मुलांना सोडून घरी आले. एका पोट्टीची कंपासपेटी राहिली म्हणून तिच्या आईचा फोन आला. इंजिन चालूच होतं. पेटी शोधायला मी डावीकडे सरकले आणि मावशीच्या सीटवर बसले. बारा वर्षांत त्या सीटवर मी कधी बसलेच नव्हते. काहून बसेन? मी तर गाडी चालवणारी.

मांडीखालून आवाज येत होता. इंजिनाच्या खडखडाटात मिसळलेला, बारीक, ओढून घेतल्यासारखा. सूंऽऽ, जरा थांबून पुन्हा सूंऽऽ. धाप लागलेल्या माणसासारखा. उजव्या सीटवर येऊन बसले तर काही नाही. डावीकडे गेले तर पुन्हा. मी तिथेच बसून राहिले. मला मावशीचा राग आला, खरं सांगते. जरा जोर देऊन सांगायला काय झालं होतं हिला, असं वाटलं. तीनदा सांगूनही.

मग मी सीट उचलली. खाली पत्र्याचं झाकण असतं, ते काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या मेणचट थराखाली काहीतरी कागद चिकटवलेला दिसला. चिंधी डिझेलमध्ये बुडवून पुसला, तर कंपनीनं छापलेला नकाशा. कुठला रबरी पाइप कुठून निघतो आणि कुठे जातो, बाणांसकट. तीन मिस्त्र्यांनी हे झाकण उघडलं होतं. तिसऱ्याने तर दोन दिवस उघडं ठेवलं होतं. एकाच्याही मनात आलं नाही की इथे काहीतरी लिहिलेलं आहे, वाचावं. वाचण्यात त्यांना कमीपणा वाटत असणार.

मी दहावी झालेली. मला तो नकाशा समजायला एक चहा होईपर्यंत वेळ लागला, त्याहून जास्त नाही. डिझेलच्या गाडीत एक छोटा पंप असतो, तो हवा ओढून घेतो. त्या ओढीवर ब्रेक हलका होतो. ती ओढ नसेल तर पेडल म्हणजे दगड. त्याच ओढीचा एक बारीक फाटा दुसरीकडे जातो, एका वाटीएवढ्या गोल डबीकडे. त्या डबीत पडदा असतो, ओढ मिळाली की तो एक झडप उचलतो, आणि इंजिनाचा थोडा जळका धूर पुन्हा इंजिनातच जातो, म्हणजे आतलं जळणं जरा थंड राहतं आणि हवा कमी खराब होते. याला मिस्त्री लोक ईजीआर म्हणतात. त्याचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या फाट्यात ओढ कधी सोडली जाते आणि झडप कधी उघडते? इंजिन गरम असताना आणि गाडी हळू असताना. म्हणजे बाजारात, शाळेच्या फाटकावर. रिंगरोडवर नाही.

मी बोटाने पाइप धरत धरत गेले. जाड पाइप ठीक. त्याचा फाटा ठीक. मग बारीक पाइप, जो त्या डबीला जोडलेला असायला पाहिजे होता. तो डबीला नव्हताच. डबीचं तोंड उघडं, वर धूळ बसलेली. पाइप बाजूला वळवून तारेने बांधलेला आणि त्याच्या तोंडात काहीतरी हिरवं खोचलेलं. पाइप उष्णतेनं कडक होऊन त्या हिरव्या तुकड्याच्या मागेच उभा चिरला होता. त्या चिरेवर बोट ठेवलं, तर बोट आत ओढलं गेलं आणि आवाज बंद. बोट काढलं, आवाज चालू. ब्रेकची ओढ इथून गळत होती. तारेने पाइप वाकवून घट्ट बांधून टाकला आणि उजव्या सीटवर येऊन लागोपाठ सहा वेळा ब्रेक दाबला. सहाही वेळा लोण्यासारखा गेला.

त्या वेळी मला जो आनंद झाला तो फार चांगल्या मनाचा नव्हता. बाईच्या पायात जोर नसतो काय? आता दाखवते. इंजिन बंद केलं, ते हिरवं काय होतं ते चिमट्याने उपसून काढलं. प्लॅस्टिकचं टोपण होतं, अर्धवट वितळलेलं. हे काम कोणाचं, ते मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी गाडी धूर सोडायला लागली आणि चढावर दम टाकायला लागली, तेव्हा ईजीआर बंद केला होता तो खर्रेवाल्यानेच, तो चपलेकडे पाहणारा. नागपुरात हा एक सरसकट उपाय आहे. गाडी कोणतीही असो, दुखणं कोणतंही असो, ईजीआर बंद करा. तेलाच्या डब्याचा पत्रा कापायचा, झडपेच्या वाटेत घालायचा, पाइप काढून त्याचं तोंड बुजवायचं. इंजिनाले आपलाच धूर काहून पाजायचा, असा यांचा सिद्धान्त. कंपनीत बसून ज्यांनी ते बनवलं ते सगळे भैताड, आणि हे तेवढे शहाणे.

टोपण मुठीत धरून मी सरळ त्याच्या दुकानावर गेले. दोन गिऱ्हाइकं उभी होती, ते बरंच झालं. मी टोपण त्याच्या समोर पान्यांच्या डब्यावर ठेवलं आणि सगळं मोठ्याने सांगितलं. म्हटलं, तुझ्या या कारागिरीमुळे एका म्हाताऱ्या बाईचा हात मोडला, आणि तू माझे पाय पाहून राहिला होता. मुलांच्या गाडीत असलं काही कोंबताना लाज वाटली नाही का, तेही विचारलं.

तो चिडला नाही. टोपण हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "हे त तुम्हीच देलं होतं न, ताई. मी स्क्रू शोधून राहिलो होतो. तुम्ही मांगच्या सीटखालून पोट्ट्याइचं स्केचपेन काढलं अन् म्हटलं, घे, हे बसव, लवकर कर, मले शाळेत जायचं आहे."

दोन्ही गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहायला लागली. आणि मला ते आठवलं, अगदी जसंच्या तसं. पाऊण वाजला होता, शाळा सुटायची होती. तो म्हणत होता की बोल्टाचा तुकडा शोधतो, पाच मिनिटं थांबा. मीच थांबले नाही. हिरवं स्केचपेन मोडून टोपण त्याच्या हातात दिलं, ते बरोबर बसलं तेव्हा मी हसले, आणि त्याला म्हटलं की तुमच्यापेक्षा मलाच जास्त कळते. नंतर गाडीचा जोर वाढला तेव्हा मी त्या टोपणाची गोष्ट कौतुकाने किती जणांना सांगितली असेल. दोन व्हॅनवाल्यांना तर हेच करून घ्यायला मीच त्याच्याकडे धाडलं होतं. तीन वर्षांत ती गोष्ट सांगायची बंद झाली आणि मग माझ्या सोयीनं विसरली गेली.

त्याने टोपण मला परत दिलं. पाणी पाजू का, असं विचारलं. मी नको म्हटलं आणि घरी आले.

पुढचे तीन दिवस दुपारी मीच काम केलं. आता कोणाच्या हातात द्यायची हिंमत नव्हती, आणि सगळ्यात कमी भरवसा स्वतःवर होता, म्हणून प्रत्येक नट दोनदा पाहिला. पाइपाच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, कोणत्या मिस्त्र्याने पाठवलं? मी म्हटलं, मिस्त्रीच आहे मी. त्याला ती थट्टा वाटली. झडप काढली तर आत बोटभर काजळी, चुलीच्या धुराड्यात असते तशी चिकट. ती खरडून, डिझेलमध्ये धुऊन काढली. मध्ये घातलेला पत्रा उपसून काढला, त्यावर गोडेतेलाच्या कंपनीचं अर्धं सूर्यफूल अजून दिसत होतं. मग डबीचा पडदा तपासायचा होता. त्याला यंत्र असतं म्हणे, माझ्याकडे कुठलं? नवा पाइप डबीला लावला, दुसरं टोक तोंडात धरून हवा ओढली आणि जीभ लावून बंद केलं. जीभ चिकटून राहिली तर पडदा धड, सुटली तर फाटका. मी पन्नासपर्यंत आकडे मोजले, जीभ चिकटून राहिली. आमचे हे दारातून पाहत होते, चहा ठेवू का म्हणाले. तोंडात पाइप असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही, आणि त्या दिवसांत तेच बरं होतं.

शनिवारी सकाळी किल्लीवाले गृहस्थ माझ्या शेजारी, मावशीच्या सीटवर बसले. मी त्यांना भर बाजारातून फाटकापर्यंत नेलं, गरम इंजिनावर, हातभर पुढे, थांब, हातभर पुढे, थांब. वीसेक वेळा ब्रेक दाबला, एकदाही कुरकुर नाही. मग त्यांनी स्वतः चालवून पाहिली. रिक्षावाल्याला घासून जाता जाता वाचले. उतरले, किल्ली फिरवली आणि म्हणाले, झालं मॅडम, गाडी ओके आहे, मुलं तुमच्याकडेच राहतील. फक्त त्या मावशीच्या जागी आता एखादी तरुण बाई पाहा, ही म्हातारी माणसं घाई करतात अन् आपल्याला भोवतं.

मी हो म्हटलं. काय सापडलं, हे त्यांनी विचारलं नाही. पाइप खराब होता, एवढं मी सांगितलं आणि त्यांना तेवढं पुरलं. माझं काम वाचलं होतं. आता मला काहीच करायचं नव्हतं, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी झाली होती आणि चोर ओके होता.

रविवारी मी व्हॅन घेऊन कुहीला गेले. मावशींच्या भावाचं घर रस्त्याला लागूनच आहे. अंगणात धानाची पोती रचलेली होती आणि मावशी पायरीवर बसून डाव्या हाताने वाटाणे सोलत होत्या, उजवा हात गळ्यात. भावजयीने खुर्ची दिली. मी खुर्चीवर न बसता पायरीवर त्यांच्या शेजारी बसले आणि पाइपाचं, आवाजाचं, टोपणाचं सगळं सांगितलं. टोपण मीच दिलं होतं, तेही सांगितलं. सोबत नेलेली सफरचंदं तशीच पिशवीत राहिली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे आवाज होता."

मी म्हटलं, होता.

त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. एका हाताने सोलायला वेळ लागतो. मी हात पुढे केला तर त्यांनी ताटली जरा पलीकडे सरकवली.

"आवाजाचं सोडा," त्या म्हणाल्या. "कान वाजतेत म्हटलं तेही सोडा. पण फाटकावर, साऱ्याइसमोर, माया हात मोडून पडला अन् तुम्ही म्हटलं का मावशीच घाई करून उतरली. बाई, मी कधी घाई केली का?"

मी म्हटलं, माझं चुकलं मावशी.

"हे मले इथं कुहीत नोका सांगू. इथं मले कोन काय म्हणून राहिलं? जिथं म्हटलं तिथं सांगा."

भावजयीने जेवून जा म्हटलं. मावशींनी नाही म्हटलं. मी निघाले.

वाटेत मी स्वतःशी बरीच वकिली केली. सांगितलं तर पालक मुलं काढून घेतील, मग मावशींना तरी कामावर कशी ठेवणार, म्हणजे गप्प राहण्यातच त्यांचंही भलं. असलं शहाणपण मला फार सुचतं. पाहिलं तर त्या तीन मिस्त्र्यांत आणि माझ्यात काय फरक होता? त्यांनी माझे पाय पाहिले, मी मावशींचे कान पाहिले. त्यांनी निदान खर्रा थुंकून सांगितलं, मी रेडिओ लावला.

सोमवारी सकाळी फाटकावर मुलांना उतरवलं. किल्लीवाले होते, बाकीचेही आठ-दहा जण होते. मी त्याच पायरीजवळ उभी राहून म्हटलं की थांबा, एक सांगायचं आहे. टोपण पिशवीतून काढून दाखवलं. ते कोणी दिलं, कशासाठी दिलं, त्याने ब्रेक कसा गेला, सगळं एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबले असते तर पुढचं सांगितलं नसतं. शेवटी म्हटलं, "मावशींनी घाई केली नव्हती. त्या रोजच्यासारख्याच उतरत होत्या. गाडी खराब आहे हे त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

कोणी ओरडलं नाही. एक आई म्हणाली, तीन वर्षं आमची मुलं अशा गाडीत होती? मी हो म्हटलं. किल्लीवाल्यांनी किल्ली खिशात घातली. दुपारी त्यांनी आपली दोन मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये बसवली, त्यांच्यामागे आणखी तिघांनी. मी थांबा म्हटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. ज्या दोन व्हॅनवाल्यांना मी टोपणाची विद्या शिकवली होती, त्यांनाही त्याच दिवशी गाठून सांगितलं. एकाने गाडी तपासली. दुसरा म्हणाला, तुमच्या पायाचा काही प्रॉब्लेम असंन ताई.

संध्याकाळी कुहीला फोन लावला. भावजयीने उचलला आणि मावशींना दिला.

मी म्हटलं, सांगितलं.

"फाटकावर?"

फाटकावरच, म्हटलं. सगळ्यांसमोर.

"किती पोट्टे राहिले?"

सहा, म्हटलं.

पलीकडे ताटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"प्लास्टर महिन्याभरानं निघते," मावशी म्हणाल्या.